कॉम्प्युटरला कुणी काय लावलं

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (पत्रात वाकता येत नाही, पण आमचं टेबल बुटकं असल्यामुळे मी लिहिताना तशीही वाकलेलीच आहे, तर तोच नमस्कार धरून घे.) तुझा गुडघा काय म्हणतोय? डोळ्यांत थेंब घालतेस की बाटली नुसती उशाशी ठेवतेस? आणि मांजरीला पिल्लं झाली का, की ती नुसतीच जाड झालीय? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आई बरी आहे, बाबा बरे आहेत, धाकटा जरा जास्तच बरा आहे, परवा त्यानं माझी छत्री मोडली.

आता मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे तू पत्र अर्धवट ठेवून चपला शोधायला लागणार नाहीस. माझी नोकरी आहे. काल सकाळी गेली होती, संध्याकाळी परत आली. मी घरी येऊन आईला "नोकरी गेली होती" एवढं म्हटलं, आणि पुढचं "पण परत आली" म्हणेपर्यंत ती तुला फोन लावून मोकळी झाली होती. (मला वाक्य पुरं करायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. आईलाही माहीत आहे, पण ती थांबत नाही.) तेव्हा तिनं तुला जे सांगितलं ते सगळं खरं आहे, पण ते अर्ध्या वाक्यापर्यंतचं खरं आहे. उरलेलं अर्धं वाक्य मी या पत्रात लिहितेय. आज दुकानाला सुट्टी आहे, घरात कुणी नाही, आणि कालपासून मला इतकं हलकं वाटतंय की काहीतरी लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

तू मला या लाँड्रीत चिकटवलंस तेव्हा बाईंना सांगितलं होतंस की माझी भाची कामाला पक्की आहे, फक्त तोंडाला कुलूप आहे. बाई म्हणाल्या होत्या, बरंच आहे, कपड्यांशी बोलावं लागत नाही. ते खरंच होतं. शाळेत मला वाचायला उभं केलं की माझ्या घशात बूच बसायचं आणि सगळा वर्ग माझं तोंड उघडायची वाट बघत बसायचा. शेवटी मी शाळा सोडली तेव्हा वर्गाचाही बराच वेळ वाचला असेल. इथे तसं काही नाही. कपडा आला की मी त्याच्या आतल्या शिवणीला नंबराची चिठ्ठी टाचते आणि कॉम्प्युटरवर त्या नंबरापुढे गिऱ्हाइकाचं नाव घालते. कपड्यावर नाव नसतं बरं का, फक्त नंबर. नाव कॉम्प्युटरच्या पोटात. मग कपडा धुतला जातो, त्याला इस्त्री होते, प्लास्टिकच्या कव्हरात जातो आणि छताखालच्या गोल फिरणाऱ्या दांडीवर जाऊन लटकतो. गिऱ्हाइकाच्या नावावरून कॉम्प्युटरवर नंबर बघितला आणि तो दांडीच्या बटणांवर दाबला की दांडी घुंऽऽ करत फिरते आणि कोट आपणहून समोर येऊन उभा राहतो. मला ते फार आवडतं. न बोलावता कुणी येऊन उभं राहिलं की बरं वाटतं.

दुकानात आम्ही चौघं. बाई म्हणजे मालकीणबाई. त्यांना कुठलीही वस्तू उघडी बघवत नाही. कपडा सोड, त्यांनी काउंटरवरच्या घंटेलाही प्लास्टिक घातलंय, त्यामुळे ती वाजवली की ठण् न होता कुणीतरी दबकत शिंकल्यासारखा आवाज येतो. मागे इस्त्रीवाले काका. त्यांना गरम हवा वाया गेलेली बघवत नाही. आणि खिडकीपाशी डागवाली ताई. तिचं टेबल वेगळं, दिवा वेगळा, बाटल्या वेगळ्या, आणि तिचा तोराही वेगळा. हट्टी डाग असलेला कपडा तिच्याकडे जातो. ती आधी डागाकडे बघतच नाही, गिऱ्हाइकाकडे बघते. तिचे प्रश्न ठरलेले. कशाचा डाग? कधी पडला? आणि काढायला घरी काय लावलंत? पहिल्या दोन प्रश्नांना लोक बऱ्यापैकी खरं बोलतात. तिसऱ्याला सगळे खोटं बोलतात. "काहीच नाही हो लावलं!" आणि कपड्याला चार प्रकारचे वास येत असतात. म्हणून ताई तिसरा प्रश्न तसा विचारतच नाही. ती विचारते, "आधी काय लावलंत, मीठ की लिंबू?" मग माणूस गोंधळतो आणि म्हणतो, मीठ. नंतर लिंबू. आणि मग आमच्या सासूबाईंनी थोडंसं टूथपेस्ट. मी तिच्या शेजारीच चिठ्ठ्या टाचत असते, त्यामुळे हे मी रोज ऐकते आणि मनातल्या मनात हसते. (मनातल्या मनात हसण्यात माझा हात कुणी धरणार नाही.)

तर काल सकाळी मी कॉम्प्युटरवर एका लांब कोटाचं नाव घालत होते. अर्धं नाव घातलं आणि पडदा एकदम निळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत काहीतरी आलं, मी वाचायच्या आत गेलं, आणि सगळं काळं. मी घाबरून दोन्ही हात वर केले. का केले मला माहीत नाही, सिनेमात करतात तसे झाले. नेमकं त्याच वेळी बाईंनी मान वळवली. आता काळा पडलेला कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर हात वर करून बसलेली मुलगी बघून कुणीही जे समजेल तेच बाई समजल्या.

"काय केलंस?"

मी मनात म्हटलं, काहीच नाही केलं बाई, नाव घालत होते, आपोआप निळं झालं. हे सगळं मी मनात अगदी नीट म्हटलं. बाहेर काहीच आलं नाही. आणि आत्या, माणूस गप्प बसला की त्यानंच केलंय असं सगळ्या जगाला का वाटतं? बाईंनी बटण दाबलं, कॉम्प्युटर सुरू झाला, थोडा वेळ घुर्रघुर्र करून पुन्हा मेला. आमच्या डोक्यावर दांडीवर गच्च कपडे लटकलेले, प्रत्येकाला नंबर, आणि एकालाही नाव नाही. त्यातून काल संध्याकाळी गावातल्या एका मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता आणि त्यांचे सगळे कोट आमच्याकडे. सगळे काळे. सगळे एकाच शिंप्यानं शिवलेले. दुपारी न्यायला येणार होते. बाईंनी वर दांडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, (त्या ओरडतात तेव्हा ठीक असतं, हळू बोलल्या की समजावं) "त्यांचे कोट त्यांना नावानिशी मिळाले तर ठीक. नाहीतर पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस. तुझ्या आत्याला काय सांगायचं ते मी सांगेन." मला नोकरी जाण्यापेक्षा त्या शेवटच्या वाक्याची जास्त भीती वाटली, खरं सांगते.

मग बाईंनी कॉम्प्युटरच्या कंपनीला फोन लावला. तिथे मदतीला एक साहेब असतात. आवाजावरून तरुण वाटले, आणि त्यांना सर्दी झाली होती. बाईंनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, म्हणजे साक्षीदार राहतात. साहेबांनी विचारलं, नेमकं काय झालं? बाई म्हणाल्या, बंद पडलं. साहेब म्हणाले, बंद पडताना पडद्यावर काय आलं होतं? बाई म्हणाल्या, ते बघायला आम्हाला वेळ नाही, आम्ही धंदा करतो. साहेब म्हणाले, मला आधी माहिती लागेल. बाई म्हणाल्या, माहिती माझ्याकडे असती तर तुम्हाला फोन कशाला केला असता? यावर साहेब शिंकले. बाईंना ते उद्धट वाटलं आणि त्यांनी फोन आपटला. मग काकांनी लावला. काकांना सगळी यंत्रं इस्त्रीसारखी वाटतात. त्यांनी साहेबांना सांगितलं की आतली तार जळली असेल, दुसरी पाठवून द्या, मी बसवतो. साहेबांनी विचारलं, अलीकडे यंत्रात किंवा त्याच्या आसपास काही बदल केलाय का? काका छातीवर हात ठेवून म्हणाले, "काहीच नाही हो केलं!" मागून ताईही म्हणाली, काहीच नाही. बाईही म्हणाल्या, काहीच नाही. आत्या, तिघांचा सूर इतका ओळखीचा होता की माझी मान आपोआप वळली.

मग साहेब थकून म्हणाले, "बंद पडलं तेव्हा त्याच्यासमोर जे कुणी बसलं होतं ना, त्यांना द्या फोन."

फोन माझ्या हातात आला. पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण तुझ्यापासून काय लपवायचं? साहेबांनी विचारलं, ऐकू येतंय का? मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी जोरात मान हलवली. काका म्हणाले, "चिमणे, त्याला तुझी मान दिसत नाही." (दुकानात मला चिमणी म्हणतात, कारण मी कधी चिवचिवत नाही. काकांचा विनोद आहे.) मग मी म्हटलं, हो. साहेब म्हणाले, छान, आता पडद्यावर काय दिसतंय ते सांगा. पडदा काळाभोर होता आणि काचेसारखा चकचकीत. मी नीट बघितलं आणि जे दिसत होतं ते सांगितलं.

"मी."

मग साहेब म्हणाले, "आणखी काही?" मी म्हटलं, मागे काका आहेत. यावर साहेब हसले. वाईट नाही हसले, सर्दी झालेला माणूस हसेल तितकंच हसले, पण त्यांचा आवाज सैल झाला. म्हणाले, घाबरू नका, मला फक्त चार गोष्टी कळायला हव्यात. काय आलं, कधी आलं, त्याआधी काय चाललं होतं, आणि ते दुरुस्त करायला तुम्ही स्वतः काय काय केलंत. आणि आत्या, मला एकदम हायसं वाटलं. हे तर ताईचे प्रश्न! कशाचा डाग, कधी पडला, घरी काय लावलंत. हे मी रोज ऐकते. माझ्या घशातलं बूच निघालं असं मी म्हणणार नाही, पण ते जरा हललं.

निळा पडदा परत आला तर त्याचा फोटो पाठवा, असं साहेब म्हणाले. आम्ही बटण दाबून वाट बघत बसलो. तो आला. मी फोटो काढला. त्यात माझा अंगठा आला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा वाट बघितली, पुन्हा काढला. त्यात काका आले, फोटो काढतायत म्हटल्यावर ते केसांवरून हात फिरवत मागे येऊन उभे राहिले होते. त्याच्या पुढचा फोटो बरा आला. मग साहेबांनी यंत्राच्या अंगावर चिकटवलेला नंबर वाचायला सांगितला. मी पडद्याच्या खालचा कागद मोठ्या जोमानं वाचून दाखवला. तो नंबर नव्हता, "ओल्या कापडाने पुसू नये" अशी सूचना होती. ती ऐकून डागवाली ताई एकदम खिडकीबाहेर बघायला लागली.

ते माझ्या लक्षात आलं. फोन हातात तसाच धरून मी आधी काकांकडे गेले. साहेबांचा चौथा प्रश्न विचारायचा होता, आणि कॉम्प्युटरच्या मागून येणारी गरम हवा काकांनी वाया जाऊ दिली असेल असं मला वाटेना. "काका, तुम्ही काही केलंत का" असं विचारलं असतं तर त्यांनी पुन्हा छातीवर हात ठेवला असता. मी विचारलं, "काका, कॉम्प्युटरवर आधी काय वाळत घातलं होतंत, मोजे की रुमाल?" काका म्हणाले, "मोजे. रुमाल नंतर." मग ते थांबले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांचा खिसाच कापलाय. मग म्हणाले, अगं, मागून इतकी छान गरम हवा येते, फुकट जाते, मी म्हटलं कुणाच्या तरी कामाला येईल. गिऱ्हाइकांचे नाहीत हो साहेब, माझे स्वतःचे मोजे! साहेब म्हणाले, लिहून घेतो.

मग ताई. तिला विचारायचं म्हणजे वाघाला दात दाखव म्हणण्यासारखं. मी इतक्या हळू विचारलं की मलाच नीट ऐकू आलं नाही. "ताई, बटणं पुसायला आधी काय घेतलंस, पाणी की स्पिरिट?" ताई कडाडली. "मला विचारतेस? मला? अगं तुला हे विचारायला शिकवलं कुणी?" मी म्हटलं, तू. ती तोंड उघडं ठेवून थांबली. मग एक बाटली उचलून पुन्हा जागेवर ठेवत म्हणाली, थोडंसंच स्पिरिट. बोळ्यावर घेऊन. बटणं चिकट झाली होती, माझ्याच्यानं बघवेना. मग फुंकर घातली. आणि मग जरासं पाणी. (सगळे "थोडंसंच" म्हणतात, आत्या. सगळ्या गिऱ्हाइकांनी "थोडंसंच" लावलेलं असतं.)

एवढं सगळं ऐकून साहेब म्हणाले की मोजे आणि स्पिरिट चांगलं नाही, पण यानं यंत्र असं सारखं मरणार नाही. आणखी काहीतरी आहे. मग त्यांनी मला एक बटण शोधायला लावलं. त्यावर "माहिती गोळा करा" असं लिहिलेलं असतं. ते दाबलं की कॉम्प्युटर बसून स्वतःबद्दलच सगळी चुगली लिहून काढतो, कधी काय दुखलं, कधी चक्कर आली, आणि ते सगळं एका फाइलीत बांधून देतो. ती फाइल कंपनीला पाठवायची. अडचण एवढीच की चुगली पुरी व्हायच्या आत तो मरायचा. हिरवी पट्टी सरकत सरकत अर्ध्यावर यायची आणि फट्. पुन्हा सुरू करायचं, पुन्हा पट्टी, पुन्हा फट्. इतक्यात दार उघडलं आणि वाद्यवृंदातले लोक आत आले. सगळेच. एक एक करून येत गेले आणि दुकान भरलं. बाईंनी त्यांना गोड आवाजात बसायला सांगितलं. बसायला आमच्याकडे एक बाक आहे. मग बाईंनी काय विचार केला कुणास ठाऊक, त्यांनी सगळे काळे कोट खाली उतरवले आणि म्हणाल्या, घालून बघा, ज्याला जो बसेल तो त्याचा.

हे फार वाईट झालं. कोट आपल्या अंगाला घट्ट होतोय हे कुणी कबूल करत नाही. मोठी पिपाणी वाजवणारा एक जाडा माणूस एका सडपातळ माणसाचा कोट घालून श्वास रोखून उभा होता आणि म्हणत होता की हाच माझा, धुतल्यावर आटलाय. म्हणजे आता आमच्यावर कोट आटवल्याचाही आळ आला. सारंगीसारखं काहीतरी वाजवणारी एक बाई दोन्ही बाह्यांमध्ये पार हरवून गेली होती, फक्त बोटांची टोकं दिसत होती. बाईंचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

इकडे साहेब म्हणाले, यंत्राच्या मागे हात लावून बघा, किती गरम आहे. मी टेबलाखाली शिरले. बाई काउंटरच्या पुढे, मी खाली, फोन सगळ्यांना ऐकू येईल असा वर टेबलावर. मी हात लावला आणि चटकन मागे घेतला. आणि मग मला ते दिसलं. आत्या, आमच्या कॉम्प्युटरच्या खोक्याला कव्हर घातलेलं होतं. आपलं नेहमीचं, कोटाला घालतो ते. खांद्यापासून खालपर्यंत, मागून व्यवस्थित घडी घालून, खाली पिन मारलेली. अशी घडी अख्ख्या दुकानात एकच माणूस घालतो. खालच्या बाजूला एक चीर ठेवलेली, तेवढ्यातून बिचारा श्वास घेत होता, आणि त्या चिरेवर काकांचा एक मोजा होता.

साहेबांनी नेमकं तेव्हाच विचारलं, "यंत्रावर काही झाकलंय का? कापड, प्लास्टिक, काही?"

वरून बाईंचा आवाज आला, "छे छे, आमच्याकडे काही अस्वच्छ नसतं."

टेबलाखालून मला बाईंचे बूट दिसत होते, आणि वाद्यवृंदाचे पाय. मी तिथे बसून विचार केला. खरं सांगितलं तर बाई मला सगळ्या लोकांसमोर खोटं पाडलं म्हणून काढतील. नाही सांगितलं तर कॉम्प्युटर बंद पडला म्हणून काढतील. दोन्हीकडून पायरी उतरायचीच होती. मग निदान त्या बिचाऱ्या यंत्राला तरी मोकळं करावं असं वाटलं. त्याचंही माझ्यासारखंच झालं होतं, आतून एवढं सगळं सांगायचंय आणि पट्टी अर्ध्यावर आली की फट्. मी टेबलाखालूनच स्पष्ट सांगितलं, "आहे. प्लास्टिक आहे. मागून पिन मारलीय."

दुकानात कुणीही हललं नाही. जाड्या माणसाच्या कोटाचं एक बटण तेवढं तुटून कुठेतरी गेलं.

साहेब अगदी सभ्यपणे म्हणाले, "काढता का जरा?" मी पिन काढली. आतून जी हवा बाहेर आली ना, ती तुला पत्रात कशी सांगू! काकांचे मोजे, स्पिरिट, आणि कपड्यांचा भुगा. पंख्यावर भुग्याचा एवढा गोळा बसला होता की तुझ्या मांजरीचं एखादं पिल्लू वाटावं. साहेब म्हणाले, बंद करा, थंड होऊ द्या. काका धावत आले आणि शर्टात घालायच्या पुठ्ठ्यानं त्याला वारा घालायला लागले, घरातलं कुणी तापानं फणफणलंय अशा चेहऱ्यानं. ताईनं तिचा मऊ ब्रश दिला. (तो ती कुणालाही देत नाही.) मग सुरू केलं. हिरवी पट्टी निघाली, अर्ध्यावर आली, आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला, आणि ती पुढे गेली. पार टोकापर्यंत गेली. फाइल तयार झाली, मी ती पाठवली, आणि साहेबांनी वाचून सांगितलं की यंत्र कितीतरी दिवसांपासून लिहीत होतं, गरम होतंय, गरम होतंय. वाचायला कुणी नव्हतं.

मग साहेबांनी तिकडे बसल्या बसल्या काय काय केलं ते मला कळलं नाही. पडद्यावर बाण आपोआप फिरत होता, आणि मी हात मांडीवर ठेवून बसले होते. आणि नावं आली. एकाखाली एक, सगळी. कुणीही हरवलं नव्हतं. मी एकेकाचं नाव वाचायला लागले आणि एकेक कोट आपल्या माणसाकडे गेला. जाड्या माणसाला त्याचा स्वतःचा कोट मिळाला तेव्हा त्यानं इतका मोठा श्वास सोडला की त्याची पिपाणी वाजली नाही हेच नवल. बटण ताईला सापडलं, तिनं उभ्या उभ्या शिवून दिलं. सगळे गेले. दुकान रिकामं झालं तेव्हा कुठे मला कळलं की मी आत्ता इतक्या अनोळखी लोकांसमोर उभं राहून वाचलं होतं. कळल्यावर मी खाली बसले.

बाई फोनजवळ गेल्या आणि हळूच विचारलं, "तुमच्या रिपोर्टात कुणाचं नाव घालता का?" साहेब म्हणाले, नाही बाई, फक्त "झाकण" असं लिहितो. बाईंनी फोन ठेवला. ते प्लास्टिक उचललं, त्याची घडी घातली, (बाई प्लास्टिक कधी टाकत नाहीत) आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या सुट्टी आहे. परवा वेळेवर ये. ते मोजे त्यांच्या तोंडावर मार." "त्यांच्या" म्हणजे काकांच्या. माझी नोकरी परत आली ती अशी. मी घरी येईपर्यंत रस्ताभर हसत होते, आणि या वेळी बाहेरूनही.

तर आत्या, काळजी करू नकोस. गुडघ्याला शेक दे, थेंब घाल. मांजरीला माझ्याकडून थोपट. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहान कुणी नाही म्हणून तो आशीर्वाद तूच ठेवून घे.

तुझी लाडकी भाची

ता. क. वर मी "स्पष्ट सांगितलं" असं लिहिलंय. ते मी नंतर वाचलं आणि मला राहवेना. स्पष्ट नव्हतं सांगितलं. पहिल्यांदा इतकं बारीक म्हटलं की साहेब म्हणाले, परत सांगा. दुसऱ्यांदा दांडीच्या मोटरीच्या आवाजात गेलं. तिसऱ्यांदा मी जीव खाऊन म्हटलं आणि नेमकी तेव्हाच कुणीतरी मोटर बंद केली. त्यामुळे ते बाईंना, वाद्यवृंदाला आणि बहुतेक समोरच्या दुकानालाही ऐकू गेलं. धीट वगैरे मी नाही. मोटर बंद झाली, एवढंच.

ता. क. २. आई म्हणते तू पुढच्या आठवड्यात बाईंशी बोलायला येणार आहेस. नोकरीसाठी आता यायला नको. पण येणारच असशील तर दुसरं एक काम आहे, आणि खरं म्हणजे मी हे पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, मधेच कॉम्प्युटर आला. मला चिठ्ठ्या टाचायच्या नाहीत. मला डागांचं टेबल शिकायचंय, ताईच्या हाताखाली. काल जाताना ती म्हणाली, मला कुणी शिकणारी हवीच होती, बाईंना विचार. मी कशी विचारणार? तू छान बोलतेस. तूच विचार. माझं नाव पुढे करू नकोस, तुला आपणच सुचलं असं सांग, आणि तू विचारत असताना मी मागच्या खोलीत असेन.

ता. क. ३. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानातून. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. बाई एकट्याच होत्या, मोटर बंद होती, मी विचारून टाकलं. बाई दचकल्या. म्हणाल्या, "ओरडतेस कशाला? बहिरी नाहीये मी." आणि मग हो म्हणाल्या. तेव्हा तुला बोलायचं काहीच काम उरलं नाही. तरी ये. नुसतीच ये.